अर्ध्या इंचाची पट्टी

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत फरशी बदलणे म्हणजे बहुधा मोझॅकवरच नवी टाइल चिकटवणे. उखडायची म्हटली तर राडारोडा टाकायचा कुठे, आणि दुपारी एक ते चार ठोकाठोक करू देणार कोण? मग टाइल आणि खालचा चिकटवायचा मसाला मिळून हॉल अर्धा इंच वर येतो, बेडरूम होती तिथेच राहते. सहा इंचांची पायरी डोळ्यांना दिसते. ही फक्त अंगठ्याला कळते, तीही रात्री पाणी प्यायला उठल्यावर.

हा फरक उतरता करायला दारात बसवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तयार पट्ट्या मिळतात. पण जमीन सरळ आहे असं त्या गृहीत धरतात, आणि जुन्या घरात तीच तर गोम असते. दाराच्या एका कडेला फरक ११ मिलिमीटर, दुसरीकडे १५. तिथे लाकूडच हवं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून सागवानाचा तुकडा आणावा; उतरवलेल्या वाड्याच्या तुळईतला मिळाला तर फारच उत्तम, तो मुरलेला असतो.

आमचे सुतारकाका टेपला फारसं विचारत नाहीत. उंच टाइलवर चढेल अशी खाच पट्टीला मागून पाडायची, पट्टी जागेवर ठेवायची आणि पेन्सिल जमिनीलगत आडवी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायची. जमिनीचा सगळा वाकडेपणा लाकडावर उमटतो. मग त्या रेघेपर्यंत रंधा. मला या कामात सगळ्यात आवडतो तो हा भाग: जमिनीला न सुधारता तिच्याशी जुळवून घेणं, हे पुणेकराला एरवी कुठे जमतं?

उतार उंचीच्या निदान दुप्पट लांब असावा. घरात आजींचा वॉकर असेल तर चौपट, म्हणजे १२ मिलिमीटरला ४८. खालची कड मात्र सुरीसारखी पातळ करायची नाही, ती फाटते. दोन-तीन मिलिमीटर ठेवून गोल घासायची. पॉलिश खालच्या बाजूलाही, कारण पोछ्याचं पाणी तिकडूनच शिरतं. पावसाळ्यात साठ मिलिमीटर रुंदीची पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर फुगते, त्याची धास्ती नको. खोलीत लॅमिनेटची जमीन असेल तर ती मात्र खरी फुगते-आकसते. तिच्या कडेला आठ-दहा मिलिमीटर मोकळे सोडायचे आणि पट्टी फक्त टाइलच्या बाजूला चिकटवायची. दोन्हीकडे स्क्रू मारणाऱ्याच्या घरी जमीन मधोमध फुगून वर येते.

उंबऱ्याचा मान हिला नाही. हिच्यावर माप कोणी ठेवत नाही, रांगोळी कोणी काढत नाही, आणि हिच्यावर बसलेल्या नातवंडाला कोणी उठवतही नाही. चार हजारांचा दिवा दाखवायला पाहुण्यांना हाताला धरून नेतात. पट्टीवरून ते आले कसे, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

पट्टी बसली, पॉलिश वाळलं, की दार लावून बघावं. ते लागत नाही. सुतारकाकांना हे आधीच माहीत असतं. म्हणून त्यांनी रंधा पिशवीत भरलेलाच नसतो.