‘शांती’ हा शब्द कवितेत नसताना

रसग्रहणाच्या सरावाला त्या दिवशी बालकवींची ‘औदुंबर’ घेतली होती. आठच ओळी. शांतीच्या शोधाची चिंतनपर कविता म्हणून तिचं रसग्रहण करायचं होतं. उत्तरं चाळली तर बहुतेकांत ‘कवीला शांतीची ओढ लागली आहे’ हे वाक्य होतंच, पण त्याला आधार म्हणून कवितेतला एक शब्द दिलेला नव्हता. पुरावे सगळे बाहेरून आणलेले. कुणी १९१८ साली रेल्वेखाली झालेला कवीचा मृत्यू सांगितला, कुणी औदुंबर म्हणजे दत्ताचं स्थान म्हणून थेट मोक्षाला पोचलं.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, यात शोधणारा माणूसच नाहीये. मग शोध कोण घेतंय?”

प्रश्न असा होता की ठरवलेला तास बाजूला ठेवावा लागला. कवितेत खरंच कोणी माणूस नाही. ‘चार घरांचे गांव’ आहे, पण घरातलं कोणी दिसत नाही. मग फळ्यावर फक्त कर्ता आणि क्रियापद लिहून काढलं : झरा वाहतो, गरदी लागली, पायवाट पडे, पायवाट चालली, काळिमा पसरी, औदुंबर बसला. पायवाटेवरून चालणारं कोणी नाही, पायवाट स्वतःच ‘काळ्या डोहाकडे’ चालली आहे. शोध घेणारी ती. आणि पहिल्या ओळीपासून चाललेली हालचाल शेवटच्या ओळीत ‘बसला’वर येऊन थांबते.

इथे अलंकाराचा मोह टाळावा लागतो. ‘चेतनगुणोक्ती’, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागवणारा अलंकार, एवढं लिहून मुलं पेन खाली ठेवतात. ती कुठे सुरू होते आणि कशासाठी, ते राहून जातं. म्हणून आधी क्रियापदं, मग रंग, मग मात्रा, आणि अलंकार सगळ्यात शेवटी.

रंगांचा हिशोब सोपा निघाला. हिरवा तीनदा येतो : पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत. सहाव्या ओळीतच डोह काळा होतो, आणि पुढे हिरवा येतच नाही. औदुंबराला तर रंगच दिलेला नाही.

मात्रांना वेळ लागला. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूची दोन. ‘चार घरांचे । गांव चिमुकले । पैल टेकडी । कडे’ – आठ, आठ, आठ आणि तीन, म्हणजे सत्तावीस. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळी मोजल्या की सव्वीस भरतात आणि मुलं कवीची चूक काढतात. चूक नाही, ‘घेउन’, ‘औदुंबर’ म्हणताना शेवटचं अक्षर लांबवायचं असतं. हे बोटांवर मोजून कळत नाही, मोठ्याने म्हणून पाहावं लागतं. म्हटल्यावर आणखी एक गोष्ट कानाला लागते. मधल्या चार ओळींची यमकं कडे, पुढें, पडे, कडे. ‘पडे’ सोडलं तर सगळे दिशा दाखवणारे शब्द, पुढे ढकलणारे. शेवटच्या दोन ओळी मात्र ‘लाटांवर’, ‘औदुंबर’ अशा व्यंजनावर टेकतात.

कोणीतरी विचारलं, “म्हणजे शांतरस ना?” भरताने नाट्यशास्त्रात आठच रस सांगितले, शांत हा नववा, नंतर मान्य झालेला. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने त्याचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, निर्वेद (विरक्ती) सांगितला आहे. त्याच्याच ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात रसाचं किंवा स्थायीभावाचं नाव कवितेत उघड घेणं हा दोष मानला आहे. ‘मला शांती हवी’ म्हणणारी कविता म्हणूनच कानाला कोरडी लागते. इथे तो शब्द नाही, हे रसग्रहणात नोंदवण्याजोगं आहे. ते एकाही उत्तरात नव्हतं. (माझ्या नमुना उत्तरातही नव्हतं.)

मग शेवटच्या ओळीतल्या ‘असला’वर वाद झाला. ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’मधला ‘असला’ म्हणजे अशा प्रकारचा, पण कशा प्रकारचा? या औदुंबराबद्दल जाणकारांचेही जुने दोन तट आहेत, कवितेच्या पहिल्या ओळीतल्यासारखे ऐल आणि पैल : एकाला तो उदास दिसतो, दुसऱ्याला विरक्त. वर्गही तसाच फुटला. उदास म्हणणाऱ्यांनी काळा डोह आणि पाण्यावर पसरलेली झाकळ पुढे केली. विरक्त म्हणणाऱ्यांनी ‘पाय टाकुनी’ धरलं; पाण्यात असा पाय सोडून निवांत माणूस बसतो, खचलेला नाही.

उत्तरं दुसऱ्यांदा लिहून घेतली. दोन्ही बाजूंना सारखेच गुण पडले, एक फरक सोडून. सातव्या ओळीत काळिमा नुसता नाही, ‘गोड काळिमा’ आहे. उदास म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तो ‘गोड’ गाळला होता, तिथे अर्धा गुण कापला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने गाळला नव्हता. तिने लिहिलं होतं : “औदुंबर मला उदासच वाटतो. पण मग काळिमा गोड का, ते मला सांगता येत नाही.” तिला पूर्ण गुण दिले.