मोडीत दिलेला राजा

गेल्या रविवारी सकाळी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातून मामाला व्हिडिओ कॉल लावला. नाशकात तेव्हा दुपारची जेवणं आटपली होती. मामाचं सगळं आयुष्य तांबट लेनमध्ये, घागरी-पातेल्यांवर ठोके घालण्यात गेलं. म्हणून हा पुतळा आधी त्यालाच दाखवायचा होता.

चौकाच्या दक्षिण टोकाला, चहूबाजूंनी गाड्या धावतात अशा जागी, पहिला चार्ल्स राजा घोड्यावर बसला आहे. आपल्याकडे शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला त्या 1630 साली या पुतळ्याचा करार झाला. राजाचा खजिनदार रिचर्ड वेस्टन याला तो आपल्या बागेसाठी हवा होता. शिल्पकार ह्यूबर्ट ल स्युअर, फ्रान्सचा. किंमत 600 पौंड. राजा पूर्ण सहा फूट दिसावा, असं करारातच लिहिलं होतं; खरा चार्ल्स बराच बुटका होता. घोड्याच्या पुढच्या डाव्या पायापाशी शिल्पकाराचं नाव आणि 1633 हे साल कोरलेलं आहे.

"ओतीव आहे ना? आतून पोकळ असणार," मामा म्हणाला. मी हो म्हटलं आणि पुढची गोष्ट सांगायला लागले, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध झालं, राजा हरला, आणि 30 जानेवारी 1649 रोजी इथून निघणाऱ्या व्हाइटहॉल या रस्त्यावर, बँक्वेटिंग हाउस या राजवाड्याच्या दालनासमोर, त्याचा शिरच्छेद झाला. पुढे पुतळा मोडीत निघाला. होबर्न भागातल्या जॉन रिव्हेट नावाच्या कारागिराला तो विकला, फोडून टाकायच्या अटीवर. हा रिव्हेट म्हणजे तिथला तांबटच, धातूकाम करणारा. त्याने पुतळा फोडला नाही, लपवून ठेवला. असंही सांगतात, की फोडल्याचा पुरावा म्हणून त्याने धातूचे तुकडे दाखवले आणि 'राजाच्या पुतळ्यातून घडवलेल्या' वस्तू दोन्ही बाजूंच्या लोकांना विकल्या.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एवढा घोडा लपवायचा म्हणजे शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असणारच गं. कुणीच बोललं नाही." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भांडी बाजारात कुणाकडे काय मोड आली हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं, म्हणून त्याला हे लगेच सुचलं.

1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला. हाच तो राजा, ज्याला लग्नात मुंबई आंदण मिळाली. वडिलांचा पुतळा त्याने विकत घेतला आणि 1675 मध्ये, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या पुढच्या वर्षी, इथे उभा केला. ही जागाही साधी नाही: वडिलांना मृत्युदंड देणाऱ्यांपैकी आठ जणांना 1660 मध्ये इथेच मारलं होतं. घोड्याचं तोंड व्हाइटहॉलकडे, जिथे राजाचं डोकं उडवलं त्या बाजूला आहे. लंडनपासूनची अंतरं आजही या पुतळ्यापासून मोजतात. दुसऱ्या महायुद्धात त्याला पुन्हा लपवावं लागलं, बकिंगहॅमशरमधल्या मेंटमोरला.

मामाला राजात फारसा रस नव्हता. "त्या रिव्हेटचं दुकान कुठं होतं, ते बघून ये," म्हणाला.

होबर्न इथून चालत वीस-पंचवीस मिनिटं. येत्या रविवारी जाते आणि मामाला तिथूनच कॉल लावते.