भिलारच्या गाडीची बॅटरी

जानेवारीत दुपारी तीनच्या सुमाराला भिलारचा एक शेतकरी माझ्या बॅटरीच्या दुकानापुढं आला, इंजिन बंद न करताच. पसरणी घाटाच्या उतारावर गिअर टाकून गाडी चालू केली होती, आणि बंद केली तर परत होणार नाही ही धास्ती. बॉनेट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं.

डिझेल गाडी, तिला लागते ६५ अँपिअर-अवरची बॅटरी. आत बसवलेली ३५ ची, कुठल्यातरी लहान पेट्रोल गाडीतली. हायवेच्या भंगारवाल्यानं नऊशे रुपयांना गळ्यात मारलेली. या लहान बॅटरीचे पोल, म्हणजे वायर जोडायची वरची टोकं, बारीक असतात. तिचा प्लसचा पोल १४.७ मिलिमीटर, आणि गाडीच्या वायरची क्लॅम्प १९.५ च्या पोलसाठी. मधल्या पोकळीत डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला. स्टार्टर मारला की तिथंच ठिणगी पडून पत्रा काळा झालेला. बरं, प्लसची बाजूही उलटी. त्यामुळं वायर ताणून आडवी आणलेली, तिचं कव्हर पत्र्याला घासून सोललं होतं. घाईत प्लस-मायनस एकदा जरी उलटं लागलं असतं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड गेले असते. बॅटरी विकणाऱ्यानं एवढं तरी बघायला नको? याच भंगारवाल्यांकडं जुन्या बॅटऱ्यांचं अ‍ॅसिड ओढ्यात ओततात. २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, पण हायवेवर ते विचारतो कोण!

"मिस्त्री, नवी नको. अडीच हजारात काय बसंल ते बसवा," तो म्हणाला. नवीला सहा-सात हजार लागले असते. वडिलांना, आबांना, आठवड्यातून तीनदा साताऱ्याला डायलिसिसला न्यायचं असतं. सातची पाळी, म्हणजे घरातून सव्वापाचला निघायचं. पैसा सगळा तिकडंच जातोय.

मी जुनी बॅटरी विकतो, पण कुणाचीही घेत नाही. अपघातात गेलेल्या गाडीची मिळाली तर आधी घेतो, कारण गाडी मेली तरी तिची बॅटरी कधी कधी वर्षाचीसुद्धा नसते. झाकणावरचा महिना-वर्षाचा छाप ग्राइंडरनं घासलेला असला तर हात लावत नाही. ज्या बॅटरीची बुचं उघडतात तिच्यात हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडचा जोर मोजायची नळी, बुडवतो, पण नुसत्या त्या आकड्यावरही जात नाही. मेलेल्या बॅटरीत ताजं अ‍ॅसिड ओतलं की हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो आणि गिऱ्हाईक महिनाभर खूश असतं. असले धंदे करणारे माझ्या लाइनीत आहेत, मला माहीत आहेत.

माझ्याकडं अशीच एक अपघाती गाडीतली होती. ६५ ची, पोल जाड, प्लस बरोबर बाजूला, तळाची कड बॅटरी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये फिट बसणारी. रात्रभर चार्जरवर होती. काढून मीटर लावला, १२.९ व्होल्ट. बॅटरीवर जोर टाकून बघणारा लोड टेस्टर पंधरा सेकंद दाबला, काटा १०.१ वर थांबला. ९.६ च्या खाली गेला नाही म्हणजे पास. झाकणावरचा चार्ज दाखवणारा डोळा हिरवा. बावीसशे घेतले आणि बसवून दिली. चालू गाडीत चार्जिंग १४.२ येत होतं. तो गेला तेव्हा मला मनापासून समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वीसला फोन. "मिस्त्री, नुसतं कट-कट वाजतंय. आबा गाडीत बसल्यात."

दुकानातली भरलेली बॅटरी मोटरसायकलच्या कॅरिअरला बांधली, केबल गळ्यात टाकली आणि घाट चढलो. हात बधिर झाले होते. भिलारला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. आबा मागच्या सीटवर घोंगडी पांघरून, हॉस्पिटलची फाइल मांडीवर धरून बसलेले. गाडी उघड्यावर, काचेवर दव. प्लसला प्लस लावला, शेवटचा मायनस इंजिनच्या लोखंडाला. गाडी चालू झाली. मग माझीच बॅटरी तिच्यात बसवली आणि त्यांना लावून दिलं. पोचायला पावणेआठ झाले. मशीनवर चार तास ठेवतात, त्या दिवशी सव्वातीन तासच मिळाले, कारण पुढच्या पाळीची माणसं बाहेर बसली होती.

काढलेली बॅटरी दुकानात आणून वरची पट्टी उचकटली. खाली सहा बुचं. हायड्रोमीटर पाच सेलमध्ये १.२४०, चौथ्यात १.१००, म्हणजे तो सेल गेलेला. धडकेत आतल्या प्लेटला धक्का बसला असावा. तो हिरवा डोळा फक्त एकाच सेलमध्ये बघतो आणि तो सेल चांगला होता. हे मी पोरांना शिकवतो. चार्जरवरून काढल्या काढल्या येणारं व्होल्टेज वरवरचं असतं, हेही शिकवतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून ते उतरवायचं किंवा बॅटरी रात्रभर तशीच ठेवायची आणि मग मोजायची. त्या दिवशी दुकानात चार गाड्या उभ्या होत्या, मी ते केलं नाही. दुपारच्या उन्हात गरम बॅटरी मोजली आणि भिलारच्या पहाटेला दिली. थंडीत बॅटरीची ताकद उतरते, इंजिन ऑइल घट्ट होतं, आणि डिझेलचे हीटर प्लग स्टार्टरच्या आधीच करंट ओढतात. पोल, बाजू, अँपिअर सगळं गाडीला जुळवलं. गाडी रात्री कुठं उभी असते हे मात्र विचारलं नाही. सव्वापाचला निघतो असं त्यानं स्वतःहून सांगितलं होतं.

आठवड्यानं तो आला. बावीसशे परत घेईना. "जुनीच होती मिस्त्री, तुमचा काय दोष?" मी पैसे त्याच्या खिशात कोंबले. घाटावर त्याला दिलेली माझी बॅटरी नवी होती, ती त्याच्याच गाडीत राहू दिली. पैसे जमतील तसे दे म्हणालो. आबा गाडीतच होते. काच खाली करून म्हणाले, "आता बंद पडणार न्हाई न्हवं?"

मी गाडी बंद करायला लावली, दोन मिनिटं हेडलाइट चालू ठेवले आणि मग मीटर लावला.