चहाची माती, निंबोळी पेंड आणि मायनसमधलं नत्र

एमएस्सीच्या प्रोजेक्टला सगळे ऊस नाहीतर कांदा घेत होते आणि मी घेतला चहा, तोही पुण्यात बसून. एका मित्राचा निलगिरीत कुन्नूरला छोटा मळा आहे, त्याला युरिया बंद करायचा होता आणि निंबोळी पेंड (तेल काढून उरलेला चोथा) टाकली तर नत्र नक्की कधी सुटतं ते हवं होतं, म्हटलं पाठव माती.

पीएच निघाला ४.६, म्हणजे चांगलीच आम्ल! आपली काळी माती ८ च्या आसपास, त्यामुळे लॅबमधले सगळे मीटर बघून जायचे. ही माती वाळवायची नाही बरं का, वाळवून परत पाणी घातलं की मेलेल्या जंतूंमधलं नत्र एकदम बाहेर येतं आणि आकडे फुगतात. ओलसरच चाळली.

डोस किलोला १०० मिलिग्रॅम नत्र, म्हणजे ५० ग्रॅम मातीला निंबोळी पेंड १२५ मिलिग्रॅम (४ टक्के नत्र धरून) आणि शेणखत चक्क १ ग्रॅम, कारण त्यात जेमतेम अर्धा टक्का. जंतू खत कुजवून नत्र सोडतील म्हणून बाटल्या इन्क्युबेटरमध्ये ३० डिग्रीला, आणि मधूनमधून वजन करून उडालेलं पाणी परत भरायचं, यात कंटाळा सोडून सांगण्यासारखं काही नाही.

खरी कटकट मोजणीत. सुटलेलं नत्र दोन रूपांत असतं, आधी अमोनियम, मग जंतू त्याचं नायट्रेट करतात. माती पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात तासभर हलवायची, गाळायची, मग मॅग्नेशियम ऑक्साईड घालून डिस्टिलेशन केलं की अमोनियम कळतं आणि त्याच फ्लास्कमध्ये देवार्डा अलॉय (नायट्रेटचा अमोनिया करणारी धातूची पूड) टाकून परत केलं की नायट्रेट. अमोनिया धरायला ठेवलेल्या, इंडिकेटर घातलेल्या बोरिक अ‍ॅसिडचा गुलाबी रंग हिरवा झाला की कसलं हायसं वाटायचं! फिल्टर पेपरमधूनही थोडं अमोनियम येतं, त्यामुळे ब्लँक, म्हणजे माती न घालता तीच मोजणी, लावायचाच.

पेंडीने सुरुवातीलाच भराभर अमोनियम सोडलं, पण शेणखताच्या आकड्यातून नुसत्या मातीचा आकडा वजा केला तर उत्तर मायनस. खत घालून नत्र कमी?? मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं बरोबर आहे, तुझ्या शेणखतात काडीकचराच जास्त, तो कुजवायला जंतूंनी मातीतलं नत्र वापरलं." कार्बन-नत्र गुणोत्तर ३० च्या वर गेलं की असंच होतं, २० च्या खाली असेल तर नत्र सुटतं, आणि पेंडीचं त्याहूनही बरंच कमी असतं.

नायट्रेट मात्र हळू वाढलं, एकतर आम्लता आणि त्यात निंबोळी अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जंतूंना दाबते. चहाला हे चालतं, त्याला अमोनियमच जास्त आवडतं आणि डोंगरउतारावर नायट्रेट पावसात वाहून जातं ते वेगळंच.

मित्राला कळवलं की पेंड एकदम न टाकता थोडीथोडी विभागून दे, शेणखत पूर्ण कुजलेलंच घे. त्याने विचारलं, लॅबमधले दिवस तसेच धरू का? नाही, तापमान १० डिग्रीने उतरलं की वेग साधारण निम्मा होतो, तुझ्या थंडीत जास्त वेळ धर.