बोटीसाठी वेगळी नळी, आणि आपल्याकडची 'मेलेली' इंजिनं

मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बऱ्याच पेट्रोल पंपांवर एक नळी बाकीच्यांपासून वेगळी असते. तिच्यावरची पाटी सांगते की हे पेट्रोल फक्त जुन्या जपलेल्या गाड्या, मोटरसायकली, बोटी, बर्फावरच्या गाड्या आणि छोट्या इंजिनांसाठी आहे. यात इथेनॉल नाही. शेजारच्या १५ टक्के इथेनॉलवाल्या नळीवर बरोबर उलटी पाटी: बोटीत भरू नका, इंजिन खराब होऊ शकतं आणि कायद्याने मनाई आहे. हा मुलूख मक्याचा, इथेनॉलही मक्याचंच. गाड्यांच्या पेट्रोलमध्ये ते घालायची सक्ती राज्याच्या कायद्याने केलेली, आणि त्याच कायद्यात बोटवाल्याला वाट ठेवलेली.

आपल्याकडे पेट्रोलमधलं इथेनॉल जून २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्के झालं. तापीवरचे प्रकाशा, सारंगखेड्याचे बॅरेज, हतनूर धरण, नवापूरकडचा उकाईचा फुगवटा, अक्कलकुवा-धडगावकडचं सरदार सरोवराचं पाणी, कुठेही बोटीच्या मागे टांगायचं पेट्रोलचं इंजिन (आऊटबोर्ड) लावा, भरायचं तेच जे स्कूटरमध्ये जातं. इथेनॉलवर राग नाही. मका आणि उसाचा पैसा आपल्याच घरांत येतो, त्यावर परदेशात बसून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण १९८०-९० च्या टू-स्ट्रोक इंजिनाला कोणी विचारलेलं नाही, आणि 'इंजिन म्हातारं झालं, भंगारात द्या' असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यातली निम्मी तरी पेट्रोलने आणि रबराने आजारी असतात, वयाने नाही.

इथेनॉल पाणी ओढतं. १० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, म्हणजे २० लिटरच्या टाकीत १०० मिली, चहाचा एक कप. २० टक्क्यांचं त्याहून जास्त पाणी पोटात घेतं, पण गारठा वाढला की ही ताकद घटते. पौषातल्या एखाद्या रात्री मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर राहतं. टाकीतली शोषनळी तळातूनच ओढते. त्यात टू-स्ट्रोकचं ऑईल पेट्रोलबरोबर वरच्या थरात राहतं. म्हणजे इंजिनात जातं ते पाणी आणि अल्कोहोल, ऑईलचा थेंबही नाही. बहुतेक वेळा ते चालूच होत नाही, हे नशीब. अर्धवट मिसळलेलं जाऊन चालू झालं तर मात्र बेअरिंग आणि पिस्टन कोरडे घासले जातात.

म्हणून पहिलं काम प्लग काढणं नाही. टाकीच्या तळातून पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर काढा, दहा मिनिटं सावलीत ठेवा. मध्ये रेघ दिसली की सगळी टाकी रिकामी करायची. हलवून, ढवळून, नवीन पेट्रोल ओतून किंवा बाजारातलं कुठलंही टिकवण-औषध घालून फुटलेलं पेट्रोल परत एक होत नाही.

किती इथेनॉल आहे तेही घरी कळतं. फवारणीचं औषध मोजायचं १०० मिलीचं पारदर्शक मापटं घ्या. त्यात १० मिली पाणी, वर ५० मिली पेट्रोल. झाकून हलवा, थांबा. खालचा थर १० चा २० मिली झाला तर १० मिली इथेनॉल पाण्यात उतरलं, म्हणजे २० टक्के. एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडेल, चालतो. बाहेर मोकळ्यात करा, बिडी-चुलीपासून लांब. याच युक्तीने टाकीभर पेट्रोल धुऊन इथेनॉल काढणारे लोक आहेत. मी सुचवणार नाही. ऑक्टेन उतरतं, आणि ते अल्कोहोलचं पाणी शेवटी नदीत किंवा विहिरीच्या कडेला ओतलं जातं.

दुसरी गोष्ट जेटची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाची. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्केवाल्याला १३.५ पट. जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही, तो जुन्याच हिशेबाने सोडतो. मिश्रण आठेक टक्के पातळ होतं आणि टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे गरम पिस्टन. पूर्ण लोडवर, भरल्या बोटीत, चोक किंचित ओढून बघा. वेग वाढला किंवा आवाज सुधारला तर पातळच आहे. प्लगचं पोर्सेलीन पांढरंफटक दिसलं तर तेच, बदामी असेल तर ठीक. जेट बदलायचा तर क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचं, म्हणजे व्यास फक्त चार टक्के. १०० नंबरचा जेट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेला असेल तर १०४ किंवा १०५ घ्या. सगळ्या कंपन्यांचे आकडे व्यासाचे नसतात, काहींचे प्रवाहाचे असतात, ते आधी बघा. हाताने ड्रिल मारून मोठा केलेला जेट कधी गोल राहत नाही.

आणि रबर. जुनी काळी नळी आतून सुटते, तिची काळी साल कार्बोरेटरच्या सुईत अडकते. नळी, तिच्यावरचा दाबायचा रबरी फुगा, फ्युएल पंपाचा पडदा आणि सुईचं टोक हे चारही इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे एकदम बदला, एकेक नको. फार जुन्या इंजिनात फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बुचाचा असतो, वरून लाखेचा हात दिलेला. इथेनॉल ती लाख उतरवतं, बूच पेट्रोल पितं, फ्लोट बुडतो आणि कार्बोरेटर वाहतो. लोक सुई बदलत बसतात, दोष फ्लोटचा असतो.

ऑईलचं एकच सांगतो. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं. मोटरसायकलचं टूटी ऑईल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. प्रमाण ५० ला १, लिटरला २० मिली. १९६४ च्या आधीचं इंजिन असेल तर २४ ला १, लिटरला ४२ मिली.

आता निदान. रबरी फुगा हा सगळ्यात स्वस्त डॉक्टर. चालत्या बोटीत इंजिन मरायला लागलं आणि फुगा दाबल्यावर जिवंत झालं, तर पंप किंवा पुरवठा. फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला, तर टाकीचं हवेचं भोक बंद किंवा शोषनळी चोंदलेली. (झाकणावरचा तो छोटा स्क्रू उघडायला विसरणं हाच निम्म्या तक्रारींचा शेवट असतो.) फुगा कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा सुई गळतेय. एकच प्लग ओला येत असेल तर पंपाचा पडदा फाटला का बघा. तो क्रँककेसच्या दाबावर हलतो आणि फाटला की पेट्रोल थेट आत.

कार्बोरेटर उघडला की भांड्याच्या तळात पांढरी पूड दिसेल. तो अॅल्युमिनियमचा गंज, पाण्याची सही. जेट सुईने किंवा सायकलच्या तारेने कोरू नका. वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढा, तीच घाला, मग हवा मारा. कार्बोरेटर उलटा धरला की फ्लोट बॉडीच्या कडेला समांतर हवा. हळू चालीची सुई असेल तर हलकेच पूर्ण बसवून दीड फेरा बाहेर काढा, बाकी इंजिन चालू करून.

स्पार्कसाठी आपल्याकडचा मोटार रिवाइंडिंगवाला इथल्या सर्व्हिस सेंटरपेक्षा सरस आहे, हे मी गंभीरपणे म्हणतो. इथे कॉइल मेली की नवी, आणि मजुरीचा तास इतका महाग की चाळीस वर्षांचं चांगलं इंजिन कार्बोरेटर साफ करण्याच्या खर्चापायी टाकून देतात. शहाद्याचा किंवा चोपड्याचा कारागीर मीटर लावून आधी वेटोळं मोजेल. त्याने इतकं करावं: स्पार्क प्लगवर नाही, उघड्या गॅपवर बघावा. पॉइंटच्या इंजिनाला ६ मिलिमीटर उडी मारली पाहिजे, सीडीआयवाल्याला (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्याला) ११. पॉइंटचा गॅप अर्धा मिलिमीटर. स्पार्क नसेल तर पहिल्यांदा बंद करायच्या बटणाची वायर काढून बघायची, ती बॉडीला लागलेली असते. गार असताना चालतं आणि अर्ध्या तासाने मरतं, गार झालं की परत चालतं, ते कॉइलला तडा. फ्लायव्हील काढायचं तर पुलरने, शाफ्टवर हातोडा नको. त्याखालची चावी (फ्लायव्हीलला शाफ्टवर जखडणारा छोटा तुकडा) अर्धी कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं आणि दोरी हात मागे खेचते.

कॉम्प्रेशन: दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या भोकात दाब मोजायचा मीटर, थ्रॉटल पूर्ण उघडा, चार-पाच वेळा दोरी ओढा. आकडा १०० पीएसआय असो की १२०, दोन्ही सिलिंडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर पैसे घालण्याआधी थांबा.

तापीकाठी खरा घात गाळाने होतो. मिनेसोटातली तळी काचेसारखी, तरी लोक इंपेलर (थंडाव्याचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) दोन वर्षांत बदलतात. पावसाळ्यात तापीचं पाणी म्हणजे पातळ खळ. तो गाळ इंपेलरच्या पात्यांची टोकं आणि पंपाची स्टीलची वाटी दोन्ही घासतो. वाटीत बोट फिरवा, खाचा लागल्या तर फक्त इंपेलर बदलून उपयोग नाही. आपल्याकडे वर्षाला एक, पाऊस संपल्यावर. नवा बसवताना पाती साबणाच्या पाण्याने ओली करा, शाफ्ट वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरवत वाटी खाली सरकवा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वाकतात. चावी निसटू देऊ नका. मग गिअरबॉक्स चढवून टिपाडात उभं करा, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. पंखा काढूनच. पाण्याविना 'फक्त आवाज ऐकायला' दहा सेकंद फिरवलं तरी इंपेलर जळू शकतो.

इंजिनाच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची धार येत नसेल तर लगेच पंप उघडू नका. मागच्या छोट्या भोकात तार घाला. वर्षभर ताडपत्रीखाली पडलेल्या इंजिनात कुंभारमाशी घर करते, आणि पुराच्या दिवशी बाहेर काढलेली बचावाची बोट नेमकी याच मातीच्या गोळीने तापते. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपली सवयही चांगली नाही. पातेल्यात पाणी तापवून बघा, साठ अंशांच्या आसपास उघडला तर तो चांगला आहे. तो नसेल तर इंजिन हळू चालीत गारच राहतं आणि प्लग काळे होतात. 'भुसावळच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला, भो?' याचं उत्तर असं की पाणी ४५ अंशांचं नसतं, हवा असते.

गिअर ऑईल दर वर्षी. खालचा स्क्रू काढा, मग वरचा. ऑईल दुधाळ आलं तर पाणी शिरलंय. इथे ते पाणी हिवाळ्यात गोठून गिअरबॉक्सचं घर फोडतं म्हणून लोक घाबरतात. आपल्याकडे फुटत नाही, नुसतं गंजतं, म्हणून कोणी बघत नाही. कारण बहुतेकदा एकच: पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला जातो आणि सील कापतो. पंखा काढून तो दोरा ब्लेडने काढा. गळती शोधायला पंक्चरवाल्याची पद्धत: रिकाम्या घरात सायकलच्या पंपाने आधी ५, मग १० पीएसआय हवा, आणि टिपाडात बुडवा. बुडबुडा जिथून येईल तो सील. भरताना खालून वर भरायचं, वरच्या भोकातून ऑईल आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा, दोन्हींना नवीन वॉशर.

पंखा शाफ्टला जोडणाऱ्या शिअर पिनच्या जागी खिळा घालू नका. उकाईच्या फुगवट्यात पाण्याखाली झाडांचे बुंधे आहेत. पंखा आपटला की पिन तुटायलाच हवी, नाहीतर गिअर तुटतो. दोन पिना आणि पकड इंजिनाच्या झाकणाखाली टेपने चिकटवून ठेवा.

धरणाचं पाणी सुटलं आणि इंजिन बुडालं, तर बाहेर काढल्यावर उन्हात वाळवायला ठेवू नका. बेअरिंगवर गंज हवा लागताच सुरू होतो. बंद असताना बुडालं असेल तर प्लग काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, उलटं करून दोरी ओढत पाणी काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑईल घाला, कार्बोरेटर रिकामा करा आणि काही तासांच्या आत टिपाडात चालू करा, किमान अर्धा तास. चालू असताना बुडालं असेल तर आधी फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. कुठे अडलं तर दोरीला हात लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकला असेल. आणि लगेच जमत नसेल, कारागीर दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर इंजिन तोवर स्वच्छ पाण्यातच बुडवून ठेवा, वर काढू नका.