वस्त्र कोणी उचललं?

मंगळवार, रात्री उशिरा

ग्रीक देवी डिमीटर आज दिवसभर मनातून गेली नाही.

मुलीला पाताळात पळवून नेल्यावर ही देवी नऊ दिवस अन्नपाण्यावाचून भटकते आणि ग्रीसमधल्या एल्युसिस गावी येऊन बसते. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रात इयांबे नावाची बाई थट्टा करून तिला हसवते. दुसऱ्या परंपरेत तिथे बाउबो नावाची बाई आहे. बाउबो जवाचं पेय पुढे करते, देवी नाही म्हणते, तेव्हा बाउबो आपलं वस्त्र वर उचलते आणि उघडं अंग दाखवते. देवी हसते, पेला हातात घेते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने हा प्रसंग नोंदवला तो वाचणाऱ्याला किळस यावी म्हणून. त्या किळशीतूनच बाउबो टिकली, याचं मला फार समाधान वाटतं.

आई गेली त्या आठवड्यात मावशी माझ्या कानाशी येऊन काहीतरी अगदीच अचकट बोलली होती. मी हसले, मग रडले, मग दोन घास खाल्ले. त्यामुळे मला बाउबो अश्लील वाटूच शकत नाही.

७१२ सालच्या जपानी ‘कोजिकी’ या पुराणकथांच्या ग्रंथात सूर्यदेवी आमातेरासू गुहेत जाऊन बसते, जगात अंधार होतो. उझुमे ही देवी पालथ्या घातलेल्या टबावर पाय आपटत नाचते, छाती उघडी टाकते, कमरेचं वस्त्र खाली सारते. देवांच्या हसण्याने स्वर्ग हादरतो आणि आमातेरासू दार किलकिलं करून विचारते, एवढं हसताय कशाला? इजिप्तमध्ये तर रुसून उताणा पडलेल्या रा या सूर्यदेवासमोर हाथोर ही देवी हेच करते, तो हसतो आणि उठून पुन्हा न्यायसभेत जाऊन बसतो.

मला अडवते ती प्राचीन सुमेरची (आजच्या इराकमधली) देवी इनाना. तीही निर्वस्त्र होते, पण पाताळाच्या सात दारांवर एकेक वस्तू तिच्याकडून काढून घेतली जाते. आधी मुकुट, मग गळ्यातले लाजवर्द मणी, सातव्या दाराशी अंगावरचं वस्त्र. प्रत्येक दारी ती विचारते, हे काय? आणि प्रत्येक दारी तिला गप्प बसायला सांगतात. तिथे कोणी हसत नाही. पुढे तिचं प्रेत आकड्याला टांगलं जातं.

अंग तेच, उघडेपण तेच. बाउबोने वस्त्र स्वतःच्या हाताने उचललं होतं. इनानाला विचारलंसुद्धा नाही.

झोप येत नाहीये. सातही दारं पुन्हा एकदा सावकाश वाचते.