चुकलं नाही, चुकवलंय

२८ एप्रिल, सेलू

दुपारी दोन ते साडेचार लाइट नव्हती. कूलर बंद, पंखा बंद, आणि अंगणातलं ऊन घरात घुसलेलं. मोबाइल तेवढा चार्ज होता. जिन्याखालची फरशी जरा गार असते म्हणून तिथं आडवा झालो आणि कानात इअरफोन घातले. बायकोनं विचारलं, "काय ऐकायलाव?" म्हटलं, ऑर्केस्ट्रा. ती म्हणाली, "कुठला? उरसात आलता तो?"

तिची काही चूक नाही. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे परभणीच्या उरसात, नाहीतर गावच्या जत्रेत येतो तो. लाल-निळे लाइट, ऑक्टोपॅड, एक किशोर, एक लता, आणि दर दोन गाण्यांनंतर टाळ्यांसाठी धमकावणारा निवेदक. सिंफनी ऑर्केस्ट्रा ही वेगळी जात आहे, तिथं ऐंशी-नव्वद माणसं काळ्या कोटात गंभीर बसतात, असं समजावून सांगायला लागलो आणि नेमका तेव्हाच कानात व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला.

खराखुरा. जेरार्ड हॉफनुंग नावाच्या व्यंगचित्रकारानं १३ नोव्हेंबर १९५६ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एक विनोदी जलसा भरवला होता. त्यासाठी माल्कम अरनॉल्ड या इंग्रज संगीतकारानं एक ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीला वाजवायची रचना लिहिली. पूर्ण ऑर्केस्ट्रा, शिवाय तीन व्हॅक्यूम क्लीनर, फरशी पॉलिश करायचं एक मशीन आणि चार बंदुका. बंदुका कशाला, तर शेवटी त्या मशीनवाल्यांना गोळ्या घालायला. रचना अर्पण कुणाला, तर अमेरिकेचे माजी प्रेसिडेंट हूवर यांना. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसं तिकडे व्हॅक्यूम क्लीनरला हूवर म्हणतात.

हे सगळं ऐकून बायको म्हणाली, "लाइट आली की मी मिक्सर लावते. ते तुम्हाला अर्पण."

मशीनचा विनोद दोन मिनिटांत संपतो, हे खरं. त्यांच्या घरघरीच्या मागे अरनॉल्डनं जी चाल ठेवलीय ती मात्र खरोखर भरदार आहे. तिच्यात कुठेही चेष्टा नाही. म्हणून मी ते तिसऱ्यांदा लावलं.

३० एप्रिल

आज टाइपरायटर. लीरॉय अँडरसन या अमेरिकन संगीतकाराची रचना, १९५०. ऑर्केस्ट्रापुढे एक माणूस टाइपरायटर घेऊन बसतो आणि खडखड, टिंग, सर्रर असं तालात वाजवतो. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. आपण नाही का मोंढ्याजवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये उन्हाळाभर घाम गाळला? (मराठी ३० मध्ये दोनदा नापास, तिसऱ्यांदा काठावर. पुढं त्याच कागदावर शाळेत क्लार्क झालो.)

पण अँडरसननंच सांगून ठेवलंय की हे टायपिस्टचं काम नाही, त्यांची बोटं तेवढी पळत नाहीत. वाजवायला ड्रमवालाच लागतो. मशीनच्याही दोनच कळा चालू ठेवायच्या, नाहीतर काड्या एकमेकींत अडकतात. त्या अडकलेल्या काड्या सोडवताना बोटांना लागलेली रिबनची काळी शाई मला आजही आठवते. म्हणजे चेष्टेतला टायपिस्ट व्हायलासुद्धा पट्टीचा वादक पाहिजे. माझा तो रस्ताही बंद.

एरिक साती हा फ्रेंच संगीतकार ऐकला. त्यानं १९१७ मध्येच पॅरिसला एका बॅलेसाठी टाइपरायटर, भोंगा आणि पिस्तूल ऑर्केस्ट्रात बसवलं होतं. पिस्तुलाला पहिल्यांदा दचकलो, दुसऱ्यांदा नुसती वाट पाहिली. पीटर शिकेली हा अमेरिकन मला जास्त आवडतो. योहान सेबास्टियन बाखला मुलं वीस. यानं एकविसावा शोधून काढला, म्हणजे स्वतःच्या डोक्यातून, आणि १९६५ पासून त्याच्या नावावर स्वतःच्याच रचना वाजवल्या. ट्रॉम्बोनला 'बसून' नावाच्या दुसऱ्या फुंकवाद्याची पत्ती लावून एक वाद्यही बनवलं. खोट्या बापाचं नाव लावणारे पुष्कळ असतात. या पठ्ठ्यानं बाप खरा घेतला आणि मुलगा खोटा.

१ मे

शाळेत झेंडावंदन करून तसाच बँडवाल्याकडे गेलो. भाच्याचं लग्न परवावर आलंय आणि इसार द्यायचं काम दाजींनी माझ्यावर टाकलंय.

मास्तरांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. दोरीवर लाल गणवेश वाळत घातलेले, सोनेरी झालरी उलट्या लोंबत होत्या. कोपऱ्यात पोचा आलेलं युफोनियम, त्याच्या जोडाला एमसील. मास्तर मांडीवर क्लॅरिनेट घेऊन पत्ती तासत होते, ब्लेडनं, अगदी नखाएवढं. तासायची, ओठात धरायची, फुंकायची, पुन्हा तासायची. दहा मिनिटं माझ्याकडे बघितलंही नाही.

चौदा जणांचा बँड ठरला. विचारलं, चौदाही वाजवतात का? मास्तर इमानदार माणूस. म्हणाले, "अकरा वाजवतेत. तीन रोजंदारीवरचे. ओठाला लावून गाल फुगवायचे, बस. चुकून फुंकलं तर हजेरी कट."

पैसे मोजून झाले, चहा आला, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्या कानात मोझार्ट घातला. दोन हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठीची त्याची ती 'संगीत गंमत'. बेताची अक्कल असलेल्या संगीतकारानं कशी रचना केली असती ते मोझार्टनं मन लावून लिहून ठेवलंय. दुसऱ्या भागात हॉर्नवाले ठार बेसूर होतात. तिथं माणसं हसतात.

मास्तर हसले नाहीत. गुडघ्यावर बोट चालू होतं. हॉर्न आले तसं बोट थांबलं. इअरफोन काढून नीट पाहिला, पुन्हा घातला. "परत लावा." लावलं. "आजून एकदा." मग म्हणाले, "सर, हे चुकलं न्हाई. चुकवलंय."

कशावरून?

"चुकणारा माणूस बिचकतो. सूर आधी कापतो, मग दबतो. हे बहाद्दर चुकीच्या सुरावर छाती काढून उभे हायेत. आन दोघं मिळून चुकायलेत. आमचे कधी मिळून चुकत न्हाईत."

शेवटी सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या पट्टीत थांबतात. त्यावर मात्र खुदकन हसले. "दोन वराती समोरासमोर आल्यावर असंच होतं बगा."

मी उत्साहात माहिती द्यायला लागलो. मोझार्टनं ही रचना स्वतःच्या यादीत १४ जून १७८७ ला नोंदवली, आणि त्याचा बाप २८ मे ला वारला होता. तीन आठवडेही झाले नव्हते. मास्तर पत्ती चिमटीत धरून उजेडात बघत होते. म्हणाले, "माहा बाप गेला त्या दिशी सुपारी होती. नागीण वाजवून आलो." आणि पुन्हा ब्लेड घेतलं.

चहा तसाच निवला.

३ मे, रात्री पाऊण

झोप येत नाही, कानात अजून ढोल आहे.

वरात साडेसातला निघाली. सुरुवात आरतीनं, मग अभंग, त्याच अभंगाच्या शेपटाला नागीण, नागिणीतून कव्वालीची एक उठाण, तिथून भीमगीत आणि तिथून थेट सिनेमा. सांधा कुठेच दिसला नाही. अल्फ्रेड श्निट्के या रशियन संगीतकारानं वेगवेगळ्या घराण्यांची, काळांची गाणी एकाच रचनेत कोंबायला 'पॉलिस्टायलिझम' असं भारदस्त नाव दिलंय. आमच्याकडे त्याला वरात म्हणतात. घोड्यावर भाचा, भाच्यावर फेटा, आणि घोड्याच्या चेहऱ्यावर ऐकून ऐकून कंटाळल्याचा भाव.

साडेनऊला मारुतीच्या पारापाशी मास्तरांनी दाजींना गाठलं. उरलेले चार हजार इथंच द्यायचं ठरलं होतं. दाजी म्हणाले, "मांडवात देतो." मास्तर काहीही बोलले नाहीत. परत आपल्या जागेवर गेले, क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि डाव्या भुवईनं कुणाला तरी खूण केली.

आधी झांजवाला बाजूला झाला. आपला तुकडा व्यवस्थित संपवून. मग युफोनियम. तो पारावर टेकला आणि विडी पेटवली. मग एक ट्रंपेट, थोड्या वेळानं दुसरा. डोक्यावर लाइट घेतलेल्या बायांनी एकेक करून लाइट खाली ठेवले. गाणं चालूच होतं, फक्त विरळ होत होतं, त्यामुळे नाचणाऱ्या पोरांना काही कळेना. ढोल थांबला तेव्हा एकजण हवेत उडी घेऊन तिथंच लटकल्यासारखा झाला. शेवटी अंधारात मास्तरांचं क्लॅरिनेट आणि एक साइड ड्रम. बाकी सगळी सामसूम.

आणि ते तीन रोजंदारीवाले. ते शेवटपर्यंत गाल फुगवून उभे. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी एवढा हसलो की बहिणीनं डोळे वटारले. दाजींनी पैसे काढले. नोटा मोजताना मोबाइलची बॅटरी मलाच धरावी लागली.

४ मे

संध्याकाळी मास्तर पावतीपुस्तक घेऊन आले. मी आधीच काढून ठेवलं होतं: हायडन, पंचेचाळिसावी सिंफनी, १७७२. त्यांना हकिगत सांगितली. प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी आपल्या उन्हाळी महालातून हलेना, वादकांची बायकापोरं तिकडे लांब. तेव्हा हायडननं शेवटचा भाग असा लिहिला की एकेकानं आपली मेणबत्ती विझवायची आणि उठून जायचं. शेवटी दोन व्हायोलिनं.

मास्तरांनी पूर्ण ऐकलं, डोळे मिटून.

"किती बाकी होते त्यांचे?"

"पैसे नाही मास्तर, सुट्टी."

"भेटली?"

"दुसऱ्याच दिवशी सगळे घरी निघाले."

"म्हंजे राजा तुमच्या दाजीपेक्षा बरा." पावती फाडून दिली. दारापर्यंत जाऊन परत फिरले. "सर, पयला कोण उठतो त्यात?"

"एक ओबो आणि एक हॉर्न."

"हां," मास्तर चपला शोधत म्हणाले, "हॉर्नवाले सगळीकडं सारखेच."